तुझ्यासाठी फोडणी ओट्यावर गेली

मार्चमधला दुसरा रविवार, सकाळची वेळ. हजर माणसं: मी. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. आमचे मिस्टर, हातात खोरं. शेजारच्या कौसामावशी, फाटकाच्या बाहेर उभ्या. त्यांची तांबडी कोंबडी मात्र फाटकाच्या आत, कुणी न बोलावता. आणि तू, जुन्या टॉवेलच्या तुकड्यात, एवढीशी.

खड्डा हातभर खोल घेतला. खाली चुना, वर चुना, मग माती, मातीवर फरशीचा तुकडा. आजारानं गेलेला पक्षी उथळ पुरला तर कुत्री उकरतात, असं परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं होतं, आणि सांगितलेलं मी पाळते. मिस्टरांनी त्रिसरण म्हटलं. कोंबडीला हुसकलं. झालं.

असं कुणाला उद्देशून लिहायची मला सवय नाही. मी आरोग्यसेविका आहे. आमच्या बोरी गावात मला नावानं फार कुणी ओळखत नाही, सगळे सिस्टर म्हणतात. माझं लिहिणं म्हणजे याद्या. कोणत्या घरी कोणत्या लेकराची सुई राहिली, कोणती बाई तपासणीला आली नाही. तुला पुरून आले, हातपाय धुतले, आणि पुढचं काम बघायला वही उघडली तर पानावर नुसती नजर फिरत राहिली. तेव्हा म्हटलं, आधी तुझ्याशी बोलून घ्यावं.

तुला नाव द्यायचं नाही, असं मी पहिल्याच दिवशी घरात जाहीर केलं होतं. रानच्या पाखराला नाव दिलं की सोडताना हात आखडतो. तू नर की मादी, हेही डॉक्टरीणबाईंना सांगता आलं नाही. तरी आत्याबाई तुला 'बाई' म्हणायला लागल्या, आणि आमच्या घरात त्यांचंच चालतं. म्हणून तू होतीस. होतास नाही.

तू सापडलीस कूलरमध्ये. ऊन तापायच्या आत कूलर धुवायचा, त्याचं गवत बदलायचं, हे माझं दरवर्षीचं काम. जाळी काढली तर आत तुमच्या जातीचं ते घरटं: चार काड्या, ठेवल्या न ठेवल्यासारख्या. होले पक्षी घर बांधतात तेव्हा त्यांना कुणीतरी घाई केलेली असते असं मला नेहमी वाटतं. तुझं भावंड उडून समोरच्या तारेवर बसलेलं. तुलाही पंख फुटले होते, पण तू आतच. एका डोळ्यावर खपली, चोचीच्या मुळाशी चामखिळीसारखे फोड, बोटांवरही तसेच. तुझे आईबाप तारेवरून बघायचे. खाली मात्र यायचे नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी बहुतेक तुझं नाव यादीतून काढलं होतं. आजारी नाव यादीतून काढायचं नसतं, त्यावर खूण करायची असते, ही आमची पद्धत.

वनखात्याच्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या माणसानं नीट ऐकून घेतलं आणि परभणीला जनावरांच्या दवाखान्यात दाखवा म्हणाला. बुटाच्या खोक्याला भोकं पाडून तुला घेऊन एसटीत बसले. शेजारची बाई म्हणाली, "काय हाय ओ सिस्टर डब्यात? खुडबुडायलंय."

"पेशंट आहे."

"तिकीट काढलं का त्याचं?" म्हणाली, आणि जिंतूर रोडचे सगळे खड्डे संपेपर्यंत खोक्यावर हात धरून बसली. तुझ्यावर जीव लावणाऱ्यांत ती पहिली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला स्पष्ट. म्हणाल्या, ही पक्ष्यांची देवी. माणसांना लागत नाही. विषाणूचा आजार आहे, थेट औषध नाही. खपल्या ओल्या करून पुसा, मलम लावा, ऊब द्या, हातानं भरवा. डास चावू देऊ नका, डासांमुळेच हे पसरतं. "आणि सिस्टर, धूर अजिबात नको. कॉइल नको, अगरबत्ती नको, फोडणीचा ठसका तर मुळीच नको. पिल्लाचा श्वास आधीच जड आहे." मी सगळं लिहून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "तोंडाच्या आत पिवळा पापुद्रा दिसला तर..." आणि पुढं बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. माणसांच्या दवाखान्यात मी हे वाक्य इथंच थांबताना खूप वेळा ऐकलंय.

तुझी जागा स्वयंपाकघराला लागून असलेल्या पडवीत. घरात तेवढा एकच कोपरा उबदार आणि मांजरापासून सुरक्षित. डासांचं काय करायचं, हा प्रश्न मी मांडला. आत्याबाई उठल्या, स्वतःच्या खाटेवरची मच्छरदाणी सोडली आणि तुझ्या टोपलीवर घातली. त्या रात्रीपासून त्या अंगावर लुगडं ओढून झोपल्या आणि सकाळी हात खाजवत उठल्या. मी दुसरी मच्छरदाणी आणली तर म्हणाल्या, "राहू दे आता. सवय झाली."

तुला भरवायचं कसं, हे मात्र तूच शिकवलंस. इतर पिल्लं चोच उघडतात, तू उघडायची नाहीस. भिजवलेली मुगाची डाळ तोंडाशी नेली की मान फिरवायचीस. मग एकदा आत्याबाईंनी डाळ दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि तू चोच त्या फटीत खुपसलीस, आईच्या गळ्यात खुपसतात तशी, आणि पंख थरथरवत खायला लागलीस. आत्याबाई दचकल्या. "अगं माय, बोट गिळती का काय!" म्हणाल्या. हात मात्र मागं घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी असेल, कौसामावशी कडुलिंबाची डहाळी घेऊन आल्या.

हे सांगायला हवं, कारण तुला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं आणि सगळं तुझ्यामुळं झालं. जुन्या काळी घरात कुणाला देवी आल्या की दाराला लिंबाचा पाला बांधायचे. फोडणी बंद, तळण बंद, डोक्याला तेल नाही, परक्या माणसाला आत घ्यायचं नाही. देवी घरी आलीय, तिला ठसका लागू द्यायचा नाही. आमच्या घरानं छप्पन साली देवच सोडले, त्यांच्याबरोबर हेही सोडलं. कौसामावशींच्या घरानं सोडलं नाही. देवीचा रोगच जगातून गेला, त्यामुळं पाळायची वेळ आली नव्हती इतकंच.

"डॉक्टर देवीच म्हन्ले ना?" कौसामावशी म्हणाल्या. "मग मी काय येगळं म्हनायले?"

"त्ये रोगाचं नाव हाय, कौसा," आत्याबाई म्हणाल्या.

"नाव उगंच पडतंय व्हय, आक्का?"

"आपल्यात हे नसतंय."

"तुमच्यात नसंल. पाखरू कुठं तुमच्यातलं हाय?"

 आत्याबाईंनी डहाळी उचलली आणि फाटकाबाहेर कठड्यावर नेऊन ठेवली. फेकली नाही. शेजार आहे.

कौसामावशींची एक बाजू मी इथं नोंदवते. त्यांच्याकडं गावरान कोंबड्या आहेत, अंडी-पिलांवर त्यांचा बाजार चालतो. तुझा आजार त्यांच्या कोंबड्यांना लागला असता तर? डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की होल्याची देवी सहसा कोंबडीला लागत नाही, तरी सांभाळा. 'सहसा' या शब्दावर कुणी आपल्या कोंबड्या ठेवत नाही. तिला नेऊन रानात सोडा, असं त्या सहज म्हणू शकल्या असत्या. म्हणाल्या नाहीत. पाला घेऊन आल्या.

मी डॉक्टरांचं ऐकून फोडणी बंद केली होती. साधं वरण, उकडलेल्या शेंगा, भाकरी. मिस्टर पानावर बसले की विचारायचे, "ॲडमिट पाखरू हाय का मी?" चार दिवस असे गेले. आमच्या गल्लीत कुणाच्या घरी कशाची फोडणी पडली हे नाकानंच कळतं, आणि पडली नाही तर त्याहून लवकर कळतं. एक दिवस कौसामावशी भिंतीवरून म्हणाल्या, "आक्का, पाळायलाव की शेवटी! बरं केलंव. माय बगती समदं."

आत्याबाई वळल्या आणि आत गेल्या. पुढच्या मिनिटाला खलबत्त्यात लसूण ठेचल्याचा आवाज.

"आत्याबाई, डॉक्टर नको म्हणाल्यात."

"डॉक्टरनं पाखराजवळ नको म्हन्लंय. गावाजवळ नको म्हन्लं न्हाई."

त्यांनी छोटा सिलिंडर आणि शेगडी उचलायला लावली मिस्टरांना. पुढच्या दाराच्या ओट्यावर, ऐन रस्त्यावर मांडली. पदराचं टोक धरून वारा कुठून येतोय ते बघितलं, शेगडी थोडी सरकवली. मग तेल, मोहरी, लसूण, आणि वरून मूठभर लाल मिरच्या, कुणाच्या वरणाला कधी लागत नाहीत इतक्या. सगळी गल्ली खोकली. समोरच्या किराणा दुकानदारानं ओरडून विचारलं, "गयाआक्का, भज्याचं दुकान टाकलंव काय?"

"टाकलंय. गिऱ्हाईक बगून देते," आत्याबाई म्हणाल्या. आणि कौसामावशींच्या ओट्याकडं बघून, पळी हलवत, "बग. फोडणी हाय का न्हाई? देवी-बिवी काई न्हाई. रोग हाय."

कौसामावशी शांतपणे तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, "पन घराभाईर काढलीच ना फोडणी? मग पाळलंच की, आक्का!"

त्यानंतर रोज हेच. फोडणी ओट्यावर. एकीचं म्हणणं, दिली म्हणजे पाळलं नाही. दुसरीचं म्हणणं, बाहेर काढली म्हणजे पाळलं. मला विचारलं की मी म्हणायची, पेशंटला धूर लागला नाही ना, मग माझं काम झालं. तू पडवीत मच्छरदाणीत बसून डाळ पचवत होतीस. हा वाद तुझ्यानंतरही मिटलेला नाही. मिटावा असं आता मला वाटतही नाही.

तुझा डोळा उघडला ती सकाळ मला आठवते. कोमट पाण्याचा बोळा फिरवताना खपली अलगद सुटून आली आणि आत डोळा होता. शाबूत, काळा, ओला. तू माझ्याकडं बघितलंस. कौतुकानं वगैरे नाही. सुई टोचून झाल्यावर लेकरं बघतात तसं. आत्याबाईंनी मोठ्यानं हाक मारली, "कौसा, ये गं, डोळा आला हिचा!" कौसामावशी चपला फाटकाशी काढून आत आल्या. बऱ्याच वर्षांत त्या आमच्या पडवीपर्यंत आल्या नव्हत्या. वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "लय गोड हाय की." पाल्याचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि औषधाचं नाव आत्याबाईंनी काढलं नाही.

त्याच दुपारी आत्याबाईंनी मला शेवंताचं सांगितलं. लग्न होऊन मला इतकी वर्षं झाली, हे नाव मी ऐकलं नव्हतं. तुझ्या पायाची बोटं पुसत पुसत, खाली बघूनच त्या बोलत होत्या. शेवंता त्यांची धाकटी बहीण. वडलांनी घरातले देव काढले होते, पण आजीच्या मनातले कोण काढणार? गावात देवी टोचणारे आले तेव्हा वडलांनी आत्याबाईंना धरून नेलं. त्यांच्या दंडावर तो गोल व्रण अजून आहे. आजीनं शेवंताला उचललं आणि जोंधळ्यात जाऊन बसली, टोचणारे गावाबाहेर जाईपर्यंत. पुढं शेवंताला देवी आल्या. आजीनं दाराला पाला बांधला, फोडणी बंद केली आणि पाल्यानं वारा घालत बसली. आत्याबाईंना खोलीत येऊ दिलं नाही. दाराच्या फटीतून त्यांना दिसायची ती फक्त हलणारी डहाळी.

"औषद नुस्तं लावलं असतं तरी वाचली असती," त्या म्हणाल्या. "म्हातारीनं लिंबावर घालवली."

तेव्हा मी काही बोलले नाही. तुझा डोळा उघडला होता, आणि त्या आनंदात होत्या.

पुढचं तुला माहीत आहे. तू डाळ चिमटीतून घेतलीस आणि टाकून दिलीस. मी चोच उघडून टॉर्च मारला. पापुद्रा होता. डॉक्टरीणबाईंना फोटो पाठवला, त्यांनी फोन करून सांगितलं काय करायचं ते, आणि हेही सांगितलं की फार आशा धरू नका. थेंबाथेंबानं पाणी, ऊब, शांतता. ते सगळं केलं. शनिवारी माझं वस्तीवर लसीकरण होतं. जाऊ की नको असं झालं, पण तिथं लेकरं घेऊन बाया उन्हात बसलेल्या असतात. जाताना तुझ्या पाठीवर बोट ठेवलं. तुझी पाठ वर-खाली होत होती, भराभर. दुपारी मिस्टरांचा फोन आला. मी हातातलं लेकरू टोचून झाल्यावर परत फोन केला.

तू आत्याबाईंच्या ओंजळीत गेलीस. मी घरी आले तेव्हाही ओंजळ तशीच होती.

"औषद दिलं की आपन," त्या म्हणाल्या. रडत नव्हत्या. मला जाब विचारत होत्या. "डॉक्टरला दावलं. मलम लावलं. तू समदं टायमावर केलंस. तरी?"

मी म्हटलं, काही आजार...

"म्हंजे शेवंतालाबी दिलं असतं, तरी?"

हा प्रश्न माझ्या कामातला होता, आणि मला तो टाळता आला असता. दुसऱ्या कुणाला मी सांगितलं असतं की त्या काळचं आपण कसं सांगणार. पण या बाईनं सगळ्या आयुष्यभर एका म्हातारीला माफ केलं नव्हतं, ते औषधाच्या भरवशावर. मी खाली बसले. म्हटलं, "आत्याबाई, देवीवर औषध नव्हतंच. तेव्हाही नव्हतं, रोग जगातून गेला तोवरही आलं नाही. एकदा अंगावर आली की बसून राहायचं, पाणी द्यायचं, वारा घालायचा. दवाखान्यातही तेवढंच केलं असतं. वाचवणारी होती ती लस. ती आधी द्यायची असते."

त्यांनी अंगठ्यानं तुझं एक पीस सरळ केलं.

"म्हंजे जोंधळ्यात न्हेली तितं चुकलं."

"हो."

"आनि पाल्यानं वारा घातला, त्यात न्हाई."

"त्यात नाही."

"मग तिच्या हातात दुसरं काय होतं?" त्या म्हणाल्या. मग पुन्हा एकदा, हळू, "काय होतं तिच्या हातात?" आणि मग रडल्या. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. तुझ्यासाठीही असणारच.

आज सकाळी कौसामावशी फाटकाबाहेर उभ्या होत्या ते हात पाठीमागं धरून. पाठीमागं काय आहे ते सगळ्यांना दिसत होतं. तुला खाली ठेवलं तशा माश्या घोंगावायला लागल्या. आत्याबाई म्हणाल्या, "कौसा, माश्या बसायल्यात हिच्यावर. आन ती डहाळी, हाक त्यानं." कौसामावशी आत आल्या, खड्ड्याशी बसल्या आणि मिस्टर माती ओढेपर्यंत तुझ्यावर वारा घालत राहिल्या. देवीचा की माश्यांचा, यावर दोघींपैकी कुणीही काही म्हणालं नाही.

मला तुला सांगायचं होतं ते एवढंच की तुझ्यावरचा उपचार वाया गेला असं मी लिहिणार नाही. माझ्या वहीत 'परिणाम' असा एक रकाना असतो. त्यात मृत्यू लिहिला की पुढं काही लिहायचं नसतं. तुझ्या बाबतीत मला तो रकाना अपुरा पडला. मी तुला वाचवू शकले नाही. तू तुझ्या त्या एका डोळ्यानं थोडे दिवस आमच्याकडं बघितलंस, आमच्या बोटांतून खाल्लंस, त्याबद्दल तुझे उपकार आहेत. आणि मला तुझं रागावणंही आवडायचं, मलम लावताना पंखाचा फटका मारायचीस ते. हे तुला सांगायला हवं होतं. मी प्रत्येक वेळी 'हो हो, झालं, झालं' एवढंच म्हणायची, जे सगळ्यांनाच म्हणते.

आता राहिलेलं काम.

कोंबड्यांसाठी देवीची लस असते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पशुवैद्यकाला बोलावून घेता येईल, पंखाच्या पडद्यात टोचतात, फार दुखत नाही. अडचण एवढीच की एका कुपीत पुष्कळ कोंबड्यांची लस असते आणि कुपी उघडली की लगेच संपवावी लागते. म्हणून सगळ्या गल्लीच्या कोंबड्या एकाच सकाळी धराव्या लागतील. दुपारी मी घरोघर जाऊन आले. सगळे तयार आहेत. किराणावाला तर स्वतःच्या दोन कोंबड्यांसाठी आत्ताच टोपली शोधायला लागला.

फक्त कौसामावशी नाही म्हणाल्या, आणि सगळ्यात जास्त कोंबड्या त्यांच्याच. त्यांची सगळी नातवंडं माझ्या हातून टोचून घेतलेली. एकदाही लेकरू घरात दडवलं नाही त्यांनी. पण कोंबड्यांचं म्हणाल्या, "लेकराची सुई येगळी, सिस्टर. ही देवीची हाय. तिच्यावर सुई उगारायची म्हंजे?" मी विषाणू, डास, सगळं सांगून बघितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि मान हलवली.

आत्ता संध्याकाळ आहे. आत्याबाई कौसामावशींच्या ओट्यावर जाऊन बसल्यात. इथून बोलणं ऐकू येत नाही. एकदा आत्याबाईंनी चोळीची बाही वर करून दंड दाखवलेला दिसला, आणि कौसामावशींनी त्या व्रणावरून बोट फिरवलं.  अजून हो आलेलं नाही. पशुवैद्यकाला कोणता दिवस सांगायचा ते मी ठरवलेलं नाही, आणि कुपी मागवायची राहिली आहे.